बारदान वजा

वखारीत माझं काम एकच, काटा सांभाळणं. भाजीपाल्याच्या गाड्या येतात, हमाल क्रेट उतरवतात, मी क्रेट काट्यावर घेते, आकडा वाचते, त्यातून रिकाम्या क्रेटचं वजन वजा करते आणि उरेल ते लिहिते. या रिकाम्या क्रेटच्या वजनाला आम्ही बारदान म्हणतो. ते प्रत्येक क्रेटच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं. सतरा वर्षं झाली, मी बारदान वजा करते आहे. व्यापारी येतात, क्रेटवर मायेनं हात फिरवतात आणि म्हणतात, "बाई, बघूनच कळतंय, चाळीसला मरण नाही." मी म्हणते, "मरण नाही ना? मग चढू द्या काट्यावर." बहुतेक वेळा छत्तीस भरतात. मग व्यापारी काट्याकडे असा बघतो, जसं काही काट्यानं त्याच्या खिशात हात घातला.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जो गोंधळ झाला तो माझ्या अडाणीपणामुळे झाला नाही. हुशारीमुळे झाला.

घरात माणसं दोन, मी आणि बाबा. कुत्री दोन. मोठा तो वकील. दाराबाहेर कुणी खोकलं तरी त्याची हरकत असते आणि ती तो शेवटपर्यंत लढवतो. धाकटी आत्याबाई. ती खोलीत शिरली की आधी कोपरे हुंगते, मग आपल्याकडे बघते, आणि काहीतरी चुकलंय हे आपल्या लक्षात आणून देते. दोघंही केसाळ. आंघोळ घातली की निम्मी होतात, वाळली की पुन्हा दुप्पट.

बाबा बाइंडर होते. चाळीस वर्षं एकाच दुकानात पुस्तकं शिवली, चिकटवली, कापली. या वर्षी मालकानं दुकानाला कुलूप लावलं. शेवटच्या दिवशी बाबा घरी आले ते खिशात आपला टोचा घेऊन. जाड पुठ्ठ्याला भोक पाडायचं ते हत्यार, लाकडी मुठीचं. एवढंच आणलं. त्या दिवसापासून घर एका पगारावर आलं आणि प्रत्येक गोष्टीला कात्री लागली. सगळ्यात आधी लागली ती कुत्र्यांच्या तयार खाद्याच्या पिशवीला. पिशवीवर एक हसरं कुत्रं होतं. त्या किमतीत कुणीही हसलं असतं. मी पिशवी दुकानातच ठेवली आणि घरी येऊन बाबांना सांगितलं.

"दीड महिना आपण घरीच करून घालू. नीट पोसता आलं तर ठीक. दोघांची वजनं तीन किलोंनी उतरली, तर मुकादमांच्या मेहुणीकडे देऊन टाकू."

मुकादम म्हणजे वखारीतले माझे वरिष्ठ. त्यांच्या मेहुणीचं गावाबाहेर घर, मोठं आवार, नवऱ्याचं मटणाचं दुकान. तिनं मागेच एकदा दोघांना मागितलं होतं. तिथे कुत्र्यांना काही कमी पडलं नसतं.

 बाबा वकिलाच्या कानामागे खाजवत बसले. मी दुष्टपणानं बोलले नव्हते. प्रेम करायचं आणि उपाशी ठेवायचं हा प्रकार मला पटत नाही, माणसांच्या बाबतीतही नाही. पण बाबांच्या आयुष्यात तेव्हा सकाळी उठून वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही बोलले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. मांस इतकं, भात इतका, भाजी इतकी, अंडं, तेल, आणि हाडांच्या जागी कसलीशी पूड. कलेजी आठवड्यातून दोनदाच. मीठ नाही. कांदा अजिबात नाही, कुत्र्यांना तो विष. शेवटी त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी वजन करत जा. आणि अधूनमधून बरगड्यांवर हात फिरवून बघा. हाताला लागायला हव्यात, पण टोचायला नकोत." मी वजनाचं लक्षात ठेवलं. हात फिरवण्याचं सोडून दिलं. तो व्यापाऱ्यांचा उद्योग.

खरेदीत मात्र मी कुणाला हार जात नाही. कोंबडीवाल्याकडे सकाळी जायचंच नाही. दुकान बंद करायच्या अर्धा तास आधी जायचं, तेव्हा माना, काळजं, कलेजी, जे कुणी मागत नाही ते सगळं तो एका पिशवीत घालतो आणि किंमत सांगतानाच स्वतः खाली येतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं विचारलं, "पाहुणे का?" मी म्हटलं, "हो, दोन. जायचं नाव घेत नाहीत." अंडीवाल्याकडून तडकलेली अंडी. ती बाजूला काढून ठेवलेली असतात, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. तांदूळ कणीचा. कुत्र्याला दाणा अख्खा आहे की तुटका, याच्याशी देणंघेणं नसतं, आत्याबाई सोडून. भाजी वखारीतून. उतरवताना फुटलेला भोपळा, मोडलेली गाजरं, मुकादम म्हणायचे घेऊन जा. मी पहाटे मोठ्या पातेल्यात सगळं शिजवायची, दोन डब्यांत तोलून भरायची आणि कामावर जायची. घालायचं काम बाबांचं. त्याच वेळी बाबांचं दुपारचं जेवणही झाकून ठेवायची. पाव, भाजी, दोन उकडलेली अंडी. दूध असलं तर दूध.

आता वजन. घरातला काटा न्हाणीघरातला, पाय ठेवण्यापुरता, गोल तबकडीचा. त्यावर कुत्रं उभं राहत नाही. वकील तर काट्यालाच हरकत घ्यायचा. मग मी मला ठाऊक होती ती पद्धत काढली. आधी बाबा एकटे उभे राहिले. अडुसष्ट. मी स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीनं लिहिलं, "बाबा ६८". मग बाबांनी वकिलाला उचललं, मी खाली बसून तबकडी वाचली. ब्याण्णव. बाबा वजा, वकील चोवीस. मग आत्याबाई. ब्याऐंशी. बाबा वजा, चौदा. बाबांना आकडा दिसत नव्हता, समोर कुत्र्याचा पसारा. ते वरून विचारायचे, "किती गं?" आणि मी खालून सांगायची.

पंधरा दिवसांनी रविवारी पुन्हा वजन केलं. दोघंही दीड-दीड किलोनं उतरलेली.

"असं कसं?" बाबा म्हणाले. "खातात तर चाटूनपुसून."

"चाटूनपुसून खातात म्हणजेच पुरत नसणार," मी म्हटलं.

मी मांस थोडं वाढवलं, माझा चहातला बिस्किटांचा खर्च काढून. पुढच्या पंधरवड्यात आणखी एकेक किलो गेला. दोन्ही वेळा दोघांचं घटलेलं वजन अगदी सारखं. एक मोठं, एक लहान, एक अधाशी, एक नखरेल, आणि घट सारखी. वखारीत दोन वेगळ्या गाड्यांचा माल असा सारखा घटला असता, तर मी गाडीवाल्यांना उभं करून खुलासा मागितला असता. घरात मी त्याचा अर्थ लावला की अन्नातच कस नाही, म्हणून दोघांना सारखं बाधतंय. अर्थ लावायला मी फार पटाईत आहे.

त्याच सुमारास बाबा एकदा म्हणाले, "माझ्या भाजीत कांदा घालू नकोस हल्ली. पचत नाही."

"बरं."

"आणि मीठही नको. वयात कमीच बरं असतं."

मला बरं वाटलं, की हे इतक्या वर्षांनी तब्येतीकडे बघायला लागले. कांदा वाचला, हेही वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी जेवायला बसलं की ते म्हणायचे, दुपारी जरा जास्तच झालं, आणि अर्धा पाव परत टोपलीत ठेवायचे. सकाळी तो टोपलीत नसायचा.

एक दिवस वकिलाच्या गळपट्ट्याला नवीन भोक दिसलं. बाहेरच्या बाजूला, म्हणजे पट्टा सैल करायला. भोक सुबक, गोल, टोच्यानं पाडलेलं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "चामडं आटलं असेल." चामडं आटतं, मला माहीत होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. अशीच गोल सुबक भोकं बाबांच्या कमरेच्या पट्ट्यालाही पडली होती, आतल्या बाजूला, दोन. ती मी कपडे धुताना पाहिली. मनात आलं, घरी बसून माणूस काहीतरी उद्योग काढतोच.

दीड महिना झाला त्या रविवारी बाबा काट्यावर चढायला तयार नव्हते. आज राहू दे, आज वकिलाचं पोट बिघडलंय, उद्या करू. मी काटा पुढे सरकवला. त्यांनी वकिलाला उचललं, उचलताना एकदा भिंतीला टेकले. एकोणनव्वद. आत्याबाई, एकोणऐंशी. मी दारामागे लिहिलं. वकील एकवीस, आत्याबाई अकरा. दोघंही बरोबर तीन किलोंनी कमी.

"किती गं?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. बाबांनी आत्याबाईला खाली ठेवलं नाही. तसेच तिला घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले. ती त्यांच्या मांडीवर मावत नव्हती, तरी बसून राहिली. मला गलबलून आलं. पण बोलून बसले होते, आणि कुत्री माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरताहेत असा आकडा माझ्याच हातचा समोर होता. मी मुकादमांना फोन केला.

ठरलं असं की पुढच्या सकाळी मेहुणी वखारीत गाडी घेऊन येईल, तिथूनच घेऊन जाईल. बाबा म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, कशाला उगाच. ते म्हणाले, "मी येतो." कपडे घालून, केस विंचरून आले. दोघांच्या दोऱ्या त्यांच्याच हातात होत्या.

मेहुणी आधीच आली होती. ठेंगणी, मोकळ्या आवाजाची बाई. वकिलाकडे बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

"ताई, तुम्ही तर म्हणालात, खंगलीत."

"केसांमुळे वाटतं तसं," मी म्हटलं.

वखारीतून कुठलीही गोष्ट वजन केल्याशिवाय बाहेर पडत नाही, ही माझी शिस्त. मेहुणीला म्हटलं, "काय अवस्थेत दिली ते लिहून ठेवू, म्हणजे पुढे सुधारणा कळेल." वखारीचा मोठा काटा जमिनीलगत असतो, लोखंडी फळी, आकडा भिंतीवर लाल दिव्यांत उमटतो. त्यावर कुत्रं चालत जाऊ शकतं. वकील गेला. मध्ये उभा राहून भिंतीवरच्या आकड्यावर भुंकला.

सव्वीस.

मी काटा शून्यावर आणला. काट्याची तपासणी मी रोज सकाळी स्वतः करते, त्यासाठी वीस किलोचं लोखंडी वजन असतं, ते ठेवून बघितलं. वीस. वकिलाला पुन्हा चढवलं. सव्वीस. आत्याबाई सगळी फळी हुंगून मग चढली. सोळा.

"ही खंगलेली?" मेहुणी हसायला लागली. "अहो, हिला धाप लागतेय. आमच्याकडे आली तर मी हिला आधी पळवीन." मुकादमही हसले. म्हणाले, "बाई, सतरा वर्षांत पहिल्यांदा चुकलात."

मी हसले नाही. भिंतीवर सोळा लाल दिसत होतं आणि माझ्या डोक्यात कालचा एकोणऐंशी होता. बेरीज बरोबर होती, ती मी स्वतः वाचली होती. काटा बरोबर होता. माल इतका, हे आता कळलं होतं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा उलटं केलं. माल वजा केला आणि बारदान काढलं.

त्रेसष्ट.

वर्षातून दोनदा आम्ही सगळे क्रेट रिकामे करून नव्यानं तोलतो. क्रेट भिजतात, झिजतात, एखादी फळी निसटते, आणि अंगावर लिहिलेला आकडा जुना राहतो. नवा आकडा रंगवायचं काम माझंच. ब्रश माझ्याच खणात असतो.

बाबा काट्याच्या बाजूला मोकळ्या दोऱ्या धरून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे नीट बघितलं, दीड महिन्यानंतर. सदरा खांद्यावरून ओघळला होता. मानेच्या शिरा मोजता आल्या असत्या. पट्ट्याचं टोक कमरेभोवती वळून पार मागे गेलं होतं.

"बाबा, उभे राहा यावर."

"मी कशाला?"

"राहा म्हणते ना."

ते चपला काढून उभे राहिले. देवळात गेल्यासारखे. भिंतीवर त्रेसष्ट उमटलं. मुकादमांचं हसणं थांबलं. आमचा हिशेब त्यांना माहीत नव्हता, पण माझं तोंड बघून त्यांनी मेहुणीला चहा घ्यायच्या निमित्तानं आत नेलं. समजूतदार माणूस आहे.

"तुम्ही दुपारी काय जेवता?" मी विचारलं.

बाबा फळीकडे बघत राहिले.

"अंडी कोण खातं?"

"वकिलाला आवडतात," ते म्हणाले. "पिवळं आत्याबाईला देतो. ती पांढरं खात नाही."

"भाजी?"

"कांदा नसतो ना आता तीत. मीठही नसतं. त्यांना चालते."

मग तेच हळूहळू सांगायला लागले. मी पहिल्या दिवशी तीन किलोंचं बोलले, तेव्हापासून ते आपल्या ताटातलं थोडं दोघांना घालत होते, वजन टिकावं म्हणून. पहिल्या रविवारी वजन घटलं, तेव्हा निम्मं घालायला लागले. पंधरा दिवसांनी आणखी घटलं, तेव्हा सगळंच. ते जितकं घालत, तितका माझा आकडा खाली येत होता, आणि आकडा जितका खाली येई, तितकं ते जास्त घालत होते.

"तुम्ही स्वतः उचलून घेत होता त्यांना," मी म्हटलं. "तुमच्या हाताला कळलं नाही?"

"जड लागायची गं," बाबा म्हणाले. "दर वेळी जास्तच जड लागायची. पण तू तर खालून सांगायचीस, घटली. काटा काय खोटं बोलेल? म्हटलं, आपल्याच हातातलं बळ गेलं असेल. वय झालं."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? बाप आता कुत्रंही उचलू शकत नाही, असं?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. लोकांच्या टोमॅटोंच्या शंभर शंभर ग्रॅमसाठी मी भांडते. घरातला माणूस माझ्यासमोर जेवायला बसत होता, माझ्यासमोर काट्यावर उभा राहत होता, आणि मी दीड महिना त्याला दारामागच्या पेन्सिलीच्या आकड्यावर सोडून दिला होता. मला रडू येत होतं, पण तिथे हमाल होते.

बाबा अजून काट्यावरच उभे होते. त्यांनी मान वळवून भिंतीवरचा आकडा बघितला आणि मग माझ्याकडे.

"हे माझं झालं," ते म्हणाले. "त्यांचं किती भरलं?"

"दोन दोन किलोंनी वाढलीत."

"दोघंही?"

"दोघंही."

"मग राहिली," बाबा म्हणाले, आणि खाली उतरून चपला शोधायला लागले.

मेहुणी रिकामी गाडी घेऊन गेली. जाताना सगळं ऐकून म्हणाली, "कुत्र्यांचं काही नाही ताई, बाबांना द्यायचं झालं तर सांगा." मी तिचा राग केला नाही. मी मुकादमांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, तर ते म्हणाले, "मागता काय, जा."

घरी परतताना वाटेत अंडी घेतली, न तडकलेली. आणि कांदे घेतले, दोन किलो. बाबांनी पिशवीत डोकावून बघितलं.

घरी आल्यावर मी भाजी केली, तिच्यात कांदा घातला. अंडी फोडून परतली, त्यांत कांदा घातला, बारीक चिरून, असा की एकेक वेचून काढायला बसलं तर संध्याकाळ होईल. पावाला लावायला काहीतरी हवं म्हणून लोणी गरम केलं आणि त्यातही कांदा टाकला. सगळं घर त्या वासानं भरून गेलं. ताट बाबांपुढे ठेवलं आणि समोर बसले.

वकील येऊन त्यांच्या एका गुडघ्याला टेकला, आत्याबाई दुसऱ्याला. बाबांनी ताटाकडे बघितलं. चमच्यानं अंडं उलटून बघितलं. मग माझ्याकडे.

"सगळ्यात घातलास?"

"सगळ्यात."

"विश्वास नाही बापावर?"

"नाही," मी म्हटलं.

वकिलानं पंजा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हरकत नोंदवली. बाबांनी तो अलगद उचलून खाली ठेवला. "तुला नाही चालायचं रे हे," ते त्याला म्हणाले. "विष आहे." मग त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा जरा मोठा घेतला. नंतर ते खाली मान घालून नुसते जेवत राहिले, आणि मी शेवटचा घास संपेपर्यंत तिथून उठले नाही.